कुठे उतरलीस?

मोठीला शहरात दोन रात्रींसाठी हॉटेल हवं होतं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पारखून हवं होतं. मुलाने मोबाइलवर यादी काढली, चांदण्यांसकट. एकाला तीन चांदण्या, एकाला चार.

"हे बघ आई, स्टेशनपासून पाच मिनिटं."

"कोणाची पाच मिनिटं? तुझ्या पायांची की माझ्या गुडघ्यांची?"

"सगळे असंच निवडतात गं हल्ली."

"चांदण्या आभाळातल्या बघाव्यात. हॉटेलाची चादर बघावी."

चादरीतलं तिला कळत होतं. उभा जन्म लाँड्रीत गेला होता. शाळेत गेली ती दुसरीपर्यंत, तीसुद्धा मास्तर खुशीत असतील त्या दिवशी. अक्षरांशी तिचं नातं लांबच्या पाहुण्यांसारखं होतं, तोंड ओळखीचं पण नाव ओठांवर येईना. आकडे मात्र पक्के होते, आणि खुणा त्याहून पक्क्या. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण असायची. डॉक्टरांच्या कपड्यांना एक आडवा टाका, वकिलांच्या कपड्यांना तीन उभे, पलीकडच्या खानावळीला गोल. आणि घरच्या कपड्यांना दोन फुल्या. एक मोठीची, एक धाकटीची. ती खूण धाकटीने काढली होती, दोघी बहिणी मिळून दुकान चालवायच्या तेव्हा. मोठी इस्त्रीला, धाकटी सुईला.

पुढे धाकटी लग्न होऊन शहरात गेली. येणंजाणं होतं, रुसणंफुगणं होतं, सगळं रीतसर चाललं होतं. अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या घरी मुलाचं लग्न निघालं. मोठी चार दिवस आधी कामाला जाऊन पोचली, तर आतली खोली नणंदेला दिलेली, आणि मोठीला हॉलमध्ये गादी. जमिनीवर. येणाराजाणारा तिच्या उशाजवळ चपला काढायचा.

धाकटी म्हणाली होती, "तू घरचीच ना गं. नणंदेला कसं सांगू?"

बोलली होती ते खोटं नव्हतं. पण मोठीचं नाक तिच्याआधी चार पावलं चालायचं. लग्न लागलं आणि भरल्या मांडवात, पाहुण्यांच्या देखत, ती म्हणाली, "यापुढे तुझ्या घरी उतरण्यापेक्षा मी स्टेशनच्या बाकावर पथारी टाकीन." आणि निघाली. अकरा वर्षं ना फोन, ना पत्र. शब्द एकदा तोंडातून गेला की तो इस्त्रीचा डाग, कितीही धुवा.

मग या महिन्यात भाच्याचा फोन आला, परदेशातून. "मावशी, आईला मी इकडे आणतोय. कायमची. घर विकलं. शनिवारी सकाळी निघेल ती."

मोठीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"तिला सांग," ती म्हणाली, "गुरुवारी दुपारी मी येतेय."

हॉटेलाचं तिने भाच्याला काही सांगितलं नाही. ते त्याला कशाला सांगायचं? पण स्वतःशी पक्कं होतं. बोलावणं आल्याशिवाय त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आपण शहरापर्यंत गेलो, म्हणजे निम्मी वाट चाललो. उरलेली निम्मी तिने चालावी. मग जे बोलायचं ते बोलता येईल. काय बोलायचं तेही ठरलं होतं, दोनच शब्दांचं होतं, आणि ते दोन शब्द तिने आयुष्यात कधी कोणाला म्हटले नव्हते.

गुरुवारी दुपारी स्टेशनातून बाहेर पडली. हातात निळी पिशवी, पिशवीत दोन कपडे, औषधं आणि घरची एक चादर, कारण परक्याच्या चादरीचा भरवसा धरायचा तो वेड्याने.

पहिलं हॉटेल स्टेशनच्या अगदी तोंडावर होतं. काचेचं दार, दारात कुंड्या. खोली दाखवली. मोठीने उशी बाजूला केली, चादरीचा कोपरा चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

"नीळ फार मारलीय," ती म्हणाली.

"बाई, पांढरीशुभ्र आहे."

"तेच सांगतेय. एवढी नीळ मारली म्हणजे खाली डाग होता. मला डागाचं काही नाही, लपवल्याचं आहे."

दुसऱ्या हॉटेलाची चादर चोख होती. पण बसस्टॉप मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि मध्ये लोखंडी पूल. मोठीने पायऱ्या खालूनच मोजल्या. बेचाळीस. "पलीकडे जाईपर्यंत माझं श्राद्ध उरकेल," असं दारवानाला सांगून ती पुढे निघाली.

तिसरं गल्लीच्या तोंडाशी, तीन मजल्यांचं, रंग उडालेलं. काउंटरमागे जाड चष्म्याचा, साठी उलटलेला मॅनेजर पेन्सिलीला टोक काढत बसला होता. त्याने दाखवलेल्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. चादर जुनी होती, धुऊन धुऊन विरलेली, एका कोपऱ्याला ठिगळ. पण ठिगळाचे टाके मुंगीच्या पावलांएवढे बारीक. मोठीने वास घेतला. उन्हाचा वास होता.

"हे कोणी शिवलं?"

"माझी बायको शिवायची," मॅनेजर म्हणाला. 'शिवायची' म्हणाला, त्यामुळे मोठीने पुढे काही विचारलं नाही.

ती खिडकीशी गेली. बरोब्बर खाली बसस्टॉप होता. पाटीवर आकडे होते, आणि त्यांत तिला हवा तो होता. सत्तावीस. सत्तावीस नंबर थेट धाकटीच्या गल्लीच्या तोंडाशी जाते, शेवटचा स्टॉप.

"सोयीचं आहे बघा," मॅनेजर म्हणाला. "सगळीकडच्या बस मिळतात. सकाळी विमानतळाचीही इथेच थांबते."

"मला कुठे उडायचंय?"

खाली येऊन त्याने नोंदवही उघडली. नाव, गाव, वय. वय ऐकून त्याने चष्म्यावरून पाहिलं, मोठीने त्याच्याहून रोखून पाहिलं, त्याने लिहून घेतलं. पुढचा रकाना होता, शहरात कोणाकडे आलात.

"शहरात नातेवाईक आहेत का कोणी?"

"आहेत. म्हणूनच तर हॉटेल बघतेय."

तो हसला नाही. पेन्सिल उचलून म्हणाला, "मग काय लिहू?"

"राहू द्या कोरं."

वर येऊन तिने हातपाय धुतले, हॉटेलची चादर काढून घडी केली, आपली अंथरली. खुर्ची खिडकीशी ओढली. एक सत्तावीस आली, गेली. दुसरी आली, गेली. दर बारा मिनिटांनी एक. आपण आलोय हे धाकटीला ठाऊक आहे. तिने फोन करायला हवा. मोठीने फोन मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहत बसली, जसं दूध उतू जाईल म्हणून पाहावं. पाच बस गेल्या. दूध काही वर येईना.

सहावी गेली तशी तिनेच नंबर फिरवला. भाच्याकडून घेतलेला होता, कागदावर मोठ्या आकड्यांत.

"हॅलो?"

तोच आवाज, थोडा घसरलेला. पाठीमागे गाड्यांचा कलकलाट.

"मी बोलतेय," मोठी म्हणाली. "जिवंत आहे अजून."

"मोठे!" मग एक हॉर्न वाजला, मग धाकटीने घाईघाईने विचारलं, "कुठे उतरलीस?"

झालं. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि नेमकी तीच टाचणी. कुठे उतरलीस! म्हणजे बाक सापडला का स्टेशनवर, असंच ना? मोठीच्या कानशिलापर्यंत गरम वाफ आली.

"उतरलेय चांगल्या ठिकाणी," ती म्हणाली. "स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, पलंग आहे. हॉलमध्ये गादी टाकायची वेळ नाही आली कोणावर."

पलीकडे फक्त रस्ता ऐकू येत राहिला. कोणीतरी ओरडून कोणाला तरी पुढे सरकायला सांगत होतं.

"बरं," धाकटी म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "बरं. मग आराम कर." आणि फोन ठेवला.

बघा, मोठीने भिंतीला सांगितलं. ये म्हणाली? नाही म्हणाली. परदेशी निघालीय, बाजारहाट करत फिरतेय. बहिणीला म्हणते आराम कर. भिंतीने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मोठीने खाली जाऊन चहा घेतला, पाव खाल्ला, वर येऊन आपल्याच चादरीवर आडवी झाली, आणि ज्या पलंगाचा तोरा मिरवला होता त्याच्या एका कडेला अंग चोरून पडून राहिली. लहानपणापासूनची सवय. अर्धी जागा सोडून झोपायची.

शुक्रवारी सकाळपासून पुन्हा खुर्ची, पुन्हा खिडकी. फोन आला नाही. अकरा वाजता मॅनेजर दारात चहा घेऊन उभा राहिला.

"बाई, काम झालं का तुमचं?"

"व्हायचंय."

"कालपासून बघतोय. खोली बसजवळ हवी म्हणून तीन हॉटेलं पालथी घातलीत म्हणता, आणि बसमध्ये काही बसला नाहीत."

"तुम्ही तुमच्या वहीत बघा."

"वहीत कोणी नाही," तो म्हणाला. "सबंध मजल्यावर तुम्ही एकट्या आहात." आणि कप ठेवून गेला.

त्या वाक्याने काय केलं कोण जाणे. दुपारी तीनला मोठी पायांत चपला सरकवून, निळी पिशवी घेऊन खाली उतरली. घरी जायचं नाही, हे तिने स्वतःला पुन्हा बजावलं. नुसतं शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन यायचं. बस काय कोणाच्या बापाची आहे? तिकीट काढून कोणीही बसतं.

सत्तावीसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुकानं गेली, दवाखाना गेला, ज्या कार्यालयात ते लग्न झालं होतं तेही गेलं, आता तिथे गाड्यांची शोरूम होती. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. स्टॉपच्या मागे एक किल्ल्या बनवणारा बसला होता, मांडीवर कानस घेऊन. मोठी बाकावर टेकली. परतीच्या बसला वेळ होता.

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग निळ्या पिशवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तुम्ही त्या बाईंची बहीण का हो?"

"कुठल्या बाईंची?"

"काल इथेच बसल्या होत्या, तुम्ही बसलाय तिथे. दुपारी बारापासून. माझी मोठी बहीण येणार म्हणाल्या. सत्तावीस आली की उठायच्या, दारात वाकून बघायच्या, पुन्हा बसायच्या. मी म्हटलं, आजी, घरी जाऊन बसा, येतील त्या. तर म्हणतात, तिला वाचता येत नाही नीट, चुकून आधीच्या स्टॉपला उतरली तर? ड्रायव्हरांनाही विचारून भंडावलं. उंच बाई, ताठ मान, निळी पिशवी, कुठे उतरली? निळी पिशवी असणारच म्हणाल्या, जन्मभर एकच रंग वापरते ती."

मोठीचे हात पिशवीच्या बंदांवर होते, तिथेच राहिले.

"मग एक फोन आला त्यांना," किल्लीवाला म्हणाला. "बोलल्या थोडं. फोन ठेवल्यावर तासभर तशाच बसल्या. पुढच्या बस आल्या, तेव्हा काही उठल्या नाहीत."

कुठे उतरलीस. कुठल्या स्टॉपला. एवढंच विचारलं होतं तिने. चुकलेल्या बहिणीला हाताला धरून आणायचं म्हणून विचारलं होतं. आणि आपण तिला पलंग ऐकवला.

गल्ली तोंडपाठ होती. मोठी चालत गेली, गुडघ्यांची पर्वा न करता. जिन्याच्या बावीस पायऱ्या चढली. दाराला नवं कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली, हात पुसत.

"त्या गेल्या. किल्ली दुपारीच दिली नव्या मालकांना. आजची रात्र कुठल्याशा हॉटेलात काढणार होत्या, सकाळच्या विमानतळाच्या बसला बरं पडेल असं. मी म्हटलं माझ्याकडे राहा. नको म्हणाल्या, आता सवय करते."

"कुठलं हॉटेल?"

"ते नाही बाई सांगितलं."

मोठीने जिन्यातच बसून फोन लावला. घंटा वाजत राहिली. उचलणार नाही, हे ती धरूनच चालली होती. मग उचलला.

"धाकटे," ती म्हणाली, "कुठे उतरलीस?"

पलीकडे शांत होतं. खोलीचं शांत, बंद खिडकीचं.

"हॉटेलात," धाकटी म्हणाली. "नदीपलीकडे, बसच्या डेपोजवळ. तू कुठे आहेस?"

"तुझ्या जिन्यात."

मोठी कठडा धरून उठली.

"मी येते तिकडे," मोठी म्हणाली. "पलंग एकच असला तरी चालेल. मी खाली गादी टाकीन."

त्यावर धाकटी हसली की रडली ते कळलं नाही, नाकातून आवाज आला एवढंच. "अकरा वर्षं लावलीस गं एका गादीला."

"येऊ ना?"

"नको." धाकटीने हे फार मऊ म्हटलं, म्हणून जास्त लागलं. "तीन बस बदलाव्या लागतील तुला, अंधार होईल, चुकशील. आणि खरं सांगू? काल मी तयार होते. काल तुला हाताला धरून घरी नेलं असतं, स्वयंपाक करून ठेवला होता. आज सगळं आवरून बसलेय. रात्रभर तू शेजारी असलीस तर सकाळी माझा पाय निघायचा नाही. मुलाने तिकीट काढलंय."

मोठीने मान हलवली. फोनमधून मान दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही.

"तुझं हॉटेल कुठे आहे?" धाकटीने विचारलं. मोठीने स्टॉपच्या पाटीवरचे आकडे सांगितले, अक्षरं वाचता आली नव्हती. धाकटीने तेवढ्यावरून ओळखलं. तिला मोठीची भाषा येत होती.

"विमानतळाची बस तिथे थांबते," ती म्हणाली. "सव्वाआठला. उभी राहा."

शनिवारी सात वाजल्यापासून मोठी स्टॉपवर उभी होती. मॅनेजरने खुर्ची आणून दिली, तिने बसायला नकार दिला. वरच्या खोलीतल्या पलंगावरची चादर तिने काढली होती. खालून मॅनेजरची इस्त्री मागून घेतली होती, आणि ती कशी नीट तापत नाही हे त्याला ऐकवून त्याच इस्त्रीने चादर कडक करून घेतली होती. घडी अशी, की दोन लाल फुल्यांचा कोपरा वर यावा.

बस आली. दार उघडलं. धाकटी पायरीवर उभी होती, एका हाताने दांडा धरून. किती बारीक झाली होती. मोठीच्या मनात जी धाकटी होती तिचे केस काळे होते.

धाकटीने एक पाय खाली रस्त्यावर टेकवला. दुसरा पायरीवरच.

"आजी, उतरताय का चढताय?" ड्रायव्हर ओरडला. "एक काय ते ठरवा."

"थांब रे मेल्या," मोठी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझं विमान नाही चुकत."

ठरवलेले दोन शब्द कालपासून जिभेखाली ठेवले होते, गोळीसारखे. तिने धाकटीच्या स्वेटरची कॉलर सारखी केली. एका बाजूला मुडपली होती. मग घडी तिच्या छातीशी धरली.

"वजन वाढेल गं," धाकटी म्हणाली.

"अंगावर घे. विमानात गार असतं म्हणतात."

धाकटीने कोपरा पाहिला. फुल्यांवरून अंगठा फिरवला, आपलेच टाके होते, चाळीस वर्षांपूर्वीचे. "अजून टिकलेत."

"मी धुतलेत ना. टिकणारच." मग मोठी म्हणाली, रस्त्याकडे बघत, "माझं चुकलं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. दुसरा हॉर्न त्याच्यावर चढला.

"काय?" धाकटी म्हणाली.

ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, हे मोठीला आजवर कळलेलं नाही. ड्रायव्हरने गिअर टाकला. धाकटीने पाय वर घेतला. दार मिटलं, काचेमागे तिचा चेहरा आणि छातीशी चादर, आणि बस गेली. सगळं मिळून एखादं मिनिट.

मोठी उभी राहिली. सत्तावीस आली, ड्रायव्हरने वाकून विचारलं, "चढायचंय?" तिने नाही म्हणून हात हलवला. आता सत्तावीसला कुठेच जायचं नव्हतं.

दुपारच्या गाडीआधी खोली सोडायची होती. काउंटरवर मॅनेजरने नोंदवही फिरवून तिच्यापुढे केली. "इथे सही, बाई. पुन्हा आलात तर हीच खोली ठेवीन."

"पुन्हा कोणाकडे येऊ?"

त्याने पेन पुढे केलं. मोठीने सही केली, एकेक अक्षर कोरून. मग पेन खाली ठेवता ठेवता थांबली. बोटाने ओळ धरून मागे गेली, कोऱ्या रकान्यापाशी. त्यात तिने दोन फुल्या काढल्या, शेजारी शेजारी.

"हे काय?" मॅनेजरने चष्मा वर केला.

"खूण आहे."

"कसली?"

"घरची," मोठी म्हणाली आणि पिशवी उचलली. चादर गेल्यामुळे ती हलकी लागत होती.

स्टेशन पाच मिनिटांवर होतं. तिला वीस लागली.